हुतात्मे नायजेरियाचे, मिसाईल अमेरिकेचं

१ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या ट्रम्पतात्यांनी पोस्ट टाकली की नायजेरियाच्या सरकारने ख्रिश्चनांच्या कत्तली थांबवल्या नाहीत तर अमेरिका सगळी मदत बंद करेल, आणि वेळ पडली तर बंदुका धडधडवत आत घुसेल, आणि हल्ला झालाच तर तो झटपट, क्रूर आणि गोड असेल. गोड! आदल्याच दिवशी त्यांनी नायजेरियाला धर्मस्वातंत्र्याच्या बाबतीत "विशेष चिंतेचा देश" म्हणून यादीत टाकलं होतं (२०२० ला पण टाकलं होतं, बायडनच्या काळात २०२१ ला काढलं, आता परत टाकलं, असा तो खेळ). मग दोन दिवसांत आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर पण नायजेरिया आला. ज्यांना परवापर्यंत नायजेरिया म्हणजे ऑनलाइन फ्रॉडचे मेल एवढंच माहीत होतं ते अचानक तिथल्या जिल्ह्यांची नावं घेऊन बोलायला लागले. चर्चच्या ग्रुपवर "शेवटी कोणीतरी उभा राहिला" असं, आणि दुसऱ्या एका ग्रुपवर, जिथे एरवी मिशनऱ्यांना शिव्या असतात, तिथे पण "बघा, असा पाहिजे नेता" असं. हे दोन ग्रुप एकाच गोष्टीवर खूश झालेले बघून मला जरा धडकीच भरली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे" विचारायला नको. नायजेरियात ख्रिश्चन लोक ख्रिश्चन आहेत म्हणून मारले जातात, हे खरं आहे. आणि त्यांच्या नावाने बाहेरच्या लष्कराने दिलेली धमकी त्यांनाच महागात पडते, हे पण तितकंच खरं आहे. पहिली गोष्ट मान्य करणारे दुसरी ऐकून घेत नाहीत आणि दुसरी सांगणारे पहिलीवरून घाईघाईत पुढे सरकतात, त्यामुळे दोन्ही नीट बोलायला पाहिजेत.

आधी पहिली. बेनुए राज्यात येलवाता नावाचं गाव आहे. बेनुएला नायजेरियात देशाची अन्नाची टोपली म्हणतात, याम म्हणजे सुरणासारखा मोठा कंद, तो आणि भात पिकतो, लोक बहुतेक तिव समाजाचे आणि ख्रिश्चन, त्यातही कॅथलिक भरपूर. आजूबाजूच्या खेड्यांतून हल्ल्यांमुळे पळून आलेली कुटुंबं या गावात बाजाराच्या गाळ्यांमध्ये राहत होती, म्हणजे ज्या गाळ्यात दिवसा माल असायचा तिथेच रात्री पोरंबाळं झोपायची. १३ जून २०२५ च्या रात्री बंदूकधारी आले. आधी चर्चच्या आवारात जिथे विस्थापित लोक होते तिकडे गेले, तिथे पोलिसांनी अडवलं, मग ते बाजाराकडे वळले आणि गाळ्यांना पेट्रोल टाकून आग लावली. आत झोपलेले लोक, सोबत धान्याची पोती. अ‍ॅम्नेस्टीने किमान १०० मृत सांगितले, त्या रविवारी पोप लिओ यांनी प्रार्थनेत दोनशेचा उल्लेख केला. हे वाचल्यावर "हा मुळात जमिनीचा आणि चराईचा वाद आहे" एवढं म्हणून पान उलटणाऱ्या माणसाला माझा एकच प्रश्न आहे, की जमिनीचा वाद असला तर बाजारात झोपलेली पोरं का जाळता?

आणि असं एकच नाही. ओवो शहरातल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये ५ जून २०२२ ला, पेंटेकॉस्टच्या रविवारी, मिसा म्हणजे चर्चमधली उपासना संपत असताना गोळीबार आणि स्फोट, चाळीसच्या आसपास मृत. जानेवारी २०२० मध्ये अदामावा राज्यातले पास्टर लावान अँडिमी यांना बोको हरामने पळवलं, त्यांनी व्हिडिओत शांतपणे सांगितलं की देवाची इच्छा असेल तर घरच्यांना भेटेन, नसेल तर नाही, आणि काही दिवसांनी त्यांचा शिरच्छेद झाला. दापचीची लिआ शरिबू तर तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये शाळेतून ११० मुली पळवल्या, पाच दगावल्या, बाकीच्या महिनाभरात परत सोडल्या, ही एकटी ठेवली कारण तिने ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला. चौदा वर्षांची पोरगी. याला हौतात्म्याच्या वाटेवरचं धैर्य म्हणायचं नाही तर काय म्हणायचं. आपले काही पुरोगामी मित्र इथे "हवामान बदल, चाड सरोवर आटलं" असं सुरू करतात ना, ते सरोवर आटलंय हे बरोबर आहे, पण लिआला कोणी पाण्याबद्दल विचारलं नव्हतं.

बरं, पण आता त्याच दापचीतली दुसरी गोष्ट. त्या ११० मुलींतल्या बहुतेक मुसलमान होत्या. बोको हराम आणि त्यातून २०१६ ला फुटलेला इस्लामिक स्टेटवाला गट यांनी गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मारलेल्यांमध्ये मुसलमान प्रचंड आहेत, कारण हे लोक जिथे आहेत तो ईशान्य भागच मुसलमानबहुल आहे. कानोच्या मोठ्या मशिदीत २८ नोव्हेंबर २०१४ ला शुक्रवारच्या नमाजाला बॉम्ब, शंभरावर मृत. झाबरमारीला नोव्हेंबर २०२० मध्ये भाताच्या शेतात काम करणाऱ्या मजुरांचे गळे चिरले. ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे येलवातानंतर दोनच महिन्यांनी, कात्सिना राज्यात उंगुवान मंताऊ गावात पहाटेच्या नमाजाला मशिदीत घुसून गोळीबार, पन्नासच्या आसपास माणसं गेली. मारणारे पण मुसलमान, मरणारे पण. तिकडे वायव्येला झाम्फारा, कात्सिना, सोकोतो या पट्ट्यात ज्यांना सगळे सरसकट "बँडिट" म्हणतात त्या टोळ्या आहेत, त्यात फुलानी या गुराखी जमातीची पोरं जास्त आणि त्यांचे बळी हौसा जमातीचे शेतकरी, दोघांचा धर्म एकच. खंडणी, अपहरण, गुरं पळवणं. तिथे धर्माचा संबंध फारसा नाहीच.

म्हणजे २३ कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात, जिथे ढोबळमानाने अर्धे मुसलमान अर्धे ख्रिश्चन, निदान तीन वेगवेगळ्या हिंसा चालू आहेत. ईशान्येला जिहाद, वायव्येला दरोडेखोरी, आणि मधल्या पट्ट्यात गुराखी विरुद्ध शेतकरी, ज्यात गुराखी मुसलमान आणि शेतकरी ख्रिश्चन असल्यामुळे जमिनीचा वाद बघता बघता धर्माचा होतो, आणि एकदा झाला की मग तो धर्माचाच असतो, मुळात कशाचा होता हे मरणाऱ्याला सांगून उपयोग नाही. बेनुएने नोव्हेंबर २०१७ मध्ये मोकळ्या चराईवर बंदीचा कायदा लागू केला आणि २०१८ च्या नव्या वर्षाच्या पहाटेपासून गावांवर हल्ले झाले, ७३ शवपेट्या एकाच वेळी पुरल्या. हे कुठल्या रकान्यात लिहिणार, जमीन का धर्म? दोन्हीत लिहा.

आकड्यांवरून तर नुसती मारामारी आहे. ७,००० ख्रिश्चन २०२५ च्या पहिल्या सात-आठ महिन्यांत मारले गेले हा जो आकडा अमेरिकन सिनेटर आणि टीव्हीवाले फिरवत होते तो तिथल्या एका संस्थेचा, बीबीसीने त्यांनी दिलेल्या बातम्यांची बेरीज केली तर निम्म्यापर्यंतही पोचेना, काही हल्ले दोनदा मोजलेले. यावर एवढंच म्हणतो की शंभर पण पुरेत हो. फुगवलेल्या आकड्याने मेलेल्यांचा अपमानच होतो, कारण उद्या आकडा खोटा ठरला की लोक येलवाता पण खोटं मानायला मोकळे.

आता हे सगळं इतकं वाढलं कसं? मला वाटतं जुलै २००९ मध्ये मैदुगुरीत जे झालं तिथून बघायला पाहिजे. मोहम्मद युसुफ नावाचा मौलवी, बोको हरामचा संस्थापक, प्रवचनं द्यायचा, पोरं जमवायचा, पाश्चात्त्य शिक्षण हराम म्हणायचा. बंड झालं, शेकडो मेले, लष्कराने त्याला जिवंत पकडून पोलिसांच्या ताब्यात दिलं. आणि पोलिसांनी कस्टडीत गोळ्या घातल्या. आधी सांगितलं पळून जात होता. हातकड्या घातलेल्या माणसाचे फोटो, व्हिडिओ सगळीकडे फिरले. त्याच्यावर खटला चालला असता, तो कोर्टात उभा राहून बडबडला असता, तर कदाचित एक भडकलेला मौलवी म्हणून जेलमध्ये म्हातारा झाला असता. त्याऐवजी तो शहीद झाला. वर्षभरात त्याची संघटना दुप्पट विखारी होऊन परत आली, त्याचा साथीदार शेकाऊ पुढे आला, आणि पुढचं सगळं चिबोकच्या शाळेतून पळवलेल्या २७६ मुलींपर्यंत जगाला माहीत आहे. डिसेंबर २०१५ मध्ये झारियात लष्कराने शियांच्या साडेतीनशेच्या आसपास लोकांना मारून सामूहिक खड्ड्यात पुरलं, म्हणजे शियांचे वेगळे शहीद तयार झाले. डिसेंबर २०२३ मध्ये तुदुन बिरीला पैगंबर जयंतीच्या कार्यक्रमावर लष्कराच्याच ड्रोनने चुकून बॉम्ब टाकले, ८५ च्या वर मृत. कोण म्हणतं नायजेरियात फौज कमी पडते? फौज आहे, बॉम्ब आहेत, ड्रोन आहेत. कमी काय पडतं ते सोकोतोत बघा.

सोकोतोत मे २०२२ मध्ये एका कॉलेजातल्या ख्रिश्चन विद्यार्थिनीला धर्मनिंदेच्या आरोपावरून वर्गातल्याच पोरांनी दगडांनी मारून जाळलं. अभ्यासाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती काहीतरी बोलली म्हणून. मारणाऱ्यांनी स्वतःच व्हिडिओ काढले, तोंडं उघडी, एक जण काडेपेटी दाखवतोय. दोघांना अटक झाली तर त्यांना सोडा म्हणून शहरात मोर्चा निघाला, कॅथेड्रलवर दगडफेक झाली. पुढे? लावलेली कलमं किरकोळ, आणि कोर्टात सरकारी बाजूने कोणी उभंच राहिलं नाही म्हणून ते दोघे सुटले. आपल्याकडे म्हणतात ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. तिथे काळ सोकावला तो असा, फिर्यादीच्या रिकाम्या खुर्चीमुळे.

आणि नेमक्या याच सोकोतो राज्यात अमेरिकेचं मिसाईल आलं. २५ डिसेंबर २०२५ च्या रात्री. तात्यांनी स्वतः सांगितलं की हल्ला आधीच होणार होता पण ख्रिसमसची भेट म्हणून आपण तो त्या दिवसापर्यंत थांबवून ठेवला. ख्रिश्चनांना मारणाऱ्या इस्लामिक स्टेटवाल्यांना ठोकलं अशी घोषणा झाली. नकाशा उघडून बघा जरा. सोकोतो हे मुसलमान राज्य, उस्मान दान फोदियोच्या १८०४ च्या जिहादातून निघालेल्या खिलाफतीची गादी अजून तिथे आहे, सुलतान आहे. तिथे त्या टोळ्यांना बळी पडणारे बहुतेक मुसलमान शेतकरी. आणि येलवाता जिथे आहे तो बेनुए तिथून सरळ रेषेत जवळजवळ ७०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते नागपूर. नागपुरात घर जळालं म्हणून मुंबईत बॉम्ब टाकला असा हिशोब. जाबो गावात मिसाईलचे अवशेष पडले, तिथले लोक सांगत होते की आमच्याकडे हे अतिरेकी कधी नव्हतेच. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त उंट समुद्रात उभा होता. नायजेरियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं की आम्हीच माहिती दिली, ही संयुक्त कारवाई होती, याला धर्माशी जोडू नका. म्हणजे एकच मिसाईल, अमेरिकेत ते ख्रिश्चनांसाठी होतं आणि नायजेरियाच्या राजधानीत, अबुजात, ते कुठल्याच धर्मासाठी नव्हतं. ज्याला जे विकायचं होतं त्याने ते विकलं.

इथे माझ्या विरोधातला सगळ्यात जोरकस मुद्दा येतो आणि तो टाळून पुढे गेलो तर बेइमानी होईल. मुद्दा असा, की धमकीचा उपयोग तर झाला! तात्यांनी आवाज दिल्यावर महिनाभरात राष्ट्राध्यक्ष टिनुबूंनी सुरक्षा आणीबाणी जाहीर केली, व्हीआयपींच्या मागेपुढे फिरणारे पोलीस काढून घ्यायचे आदेश दिले, आणखी २०,००० पोलीस भरायचं ठरवलं. बेनुएच्या बिशपांनी वर्षानुवर्षं ओरडून जे झालं नाही ते एका पोस्टने झालं. हो, झालं. मी नाही म्हणत नाही. पण यातलं काम कशाने केलं ते बघा. व्हीआयपींचे बंदोबस्तातले पोलीस गावात पाठवणं, भरती करणं, हे सगळं नायजेरियन सरकारने करायचं कंटाळवाणं काम आहे आणि त्यासाठी दबाव पाहिजे तर मदतीचा पैसा आहे, जबाबदार अधिकाऱ्यांचे व्हिसा आहेत, शस्त्रांचे सौदे आहेत, हे सगळे दबाव मी मान्य करायला तयार आहे, वापरा खुशाल. बॉम्बची धमकी यात वेगळी का? कारण व्हिसा मंत्र्याचा अडतो, बॉम्बच्या धमकीची किंमत मात्र शेजाऱ्याच्या नजरेत तो ख्रिश्चन शेतकरी भरतो. घरात सासुरवास होणाऱ्या सुनेसाठी गल्लीतला दादा फाटकाशी येऊन "हात लावाल तर बघून घेईन" ओरडून गेला, की रात्री दार बंद झाल्यावर त्या घरात कोण असतं? दादा नसतो.

आणि त्या घरातले बाकीचे पण लगेच म्हणतात, बघा, हिचं बाहेर कोणाशी तरी संधान आहे. हे काही मी कल्पनेने सांगत नाही, याचा चारशे वर्षांपूर्वीचा दाखला आपल्या वसईचाच आहे.

गोन्सालो गार्सिया. वसईत गेलात तर गास गावात त्यांच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे, दरवर्षी सण असतो. जन्म वसईचा, १५५६ च्या सुमारास, वडील पोर्तुगीज, आई इथली कोकणातली. जेझुइट पंथाच्या पाद्र्यांकडे शिकला, पोरवयात त्यांच्यासोबत जपानला गेला, तिथली भाषा पाण्यासारखी आली, मग व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक पंथाचा ब्रदर झाला. १५९३ मध्ये स्पॅनिश वकिलात घेऊन फादर पेद्रो बाउतिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशीकडे गेले तेव्हा दुभाषा हा आपला वसईकर. तीन वर्षं बरी गेली, दवाखाने काढले, चर्च बांधलं. ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं मोठं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं, हिदेयोशीच्या माणसांनी माल जप्त केला, आणि तेव्हा म्हणे जहाजाच्या पायलटने तोरा दाखवायला नकाशा काढून सांगितलं की आमच्या राजाचं राज्य एवढं मोठं आहे, आम्ही आधी पाद्री पाठवतो आणि मागून सैन्य. हे खरंच तो असं बोलला का, यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन पुढे कायम भांडत राहिले, एकमेकांवर ढकलत राहिले. पण हिदेयोशीपर्यंत जे पोचायचं ते पोचलं. २६ जणांना पकडलं, डाव्या कानाच्या पाळ्या कापल्या, क्योतोपासून नागासाकीपर्यंत ऐन थंडीत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. २६ पैकी परदेशी फक्त सहा. वीस जण जपानी, त्यातला एक बारा वर्षांचा पोरगा. गोन्सालो गार्सिया १८६२ मध्ये संत झाले, भारतात जन्मलेले पहिले.

या गोष्टीचा एक भाग चर्चमध्ये सांगतात, श्रद्धेसाठी प्राण दिले तो, आणि तो खराच आहे, त्या २६ जणांनी माघार घेतली नाही. दुसरा भाग मला जास्त टोचतो. हिदेयोशीचा संशय अगदीच वेड्याचा नव्हता. सान फेलिपेवरच्या पायलटने काय सांगितलं असेल नसेल, पण गोन्सालो जिथे जन्मला ती वसईच पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशाहाकडून तहात काढून घेतली होती, किल्ला आणि चर्च एकाच तटबंदीत. (हिदेयोशी पण काही संत नव्हता, तो स्वतः तेव्हा कोरियात सैन्य घुसवून बसला होता.) म्हणजे तोफांची भीती खरी होती, तोफा मात्र आल्याच नाहीत. मेले ते दुभाषा, स्वयंपाकी, सुतार आणि बारा वर्षांचा पोरगा. त्यानंतर १६१४ ची बंदी, शिमाबाराचं बंड, आणि १६३८ मध्ये त्या बंडखोर ख्रिश्चनांच्या किल्ल्यावर शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या सांगण्यावरून तोफा डागल्या त्या डच ख्रिश्चनांच्या जहाजाने, कारण डचांना व्यापार हवा होता. अडीचशे वर्षं लपून राहिलेले नागासाकीचे ख्रिश्चन १८६५ मध्ये बाहेर आले, आणि १९४५ मध्ये अमेरिकेचा अणुबॉम्ब फुटला तो त्यांच्याच उराकामी वस्तीवर. तिथल्या १२,००० कॅथलिकांपैकी साडेआठ हजार गेले असं सांगतात. ख्रिश्चन देशांच्या फौजा ख्रिश्चनांसाठी असतात असं ज्याला वाटतं त्याने एकदा नागासाकीचा इतिहास वाचावा.

जवळचं उदाहरण पाहिजे तर इराक घ्या. २००३ मध्ये अमेरिका घुसली तेव्हा तिथे १५ लाखांच्या आसपास ख्रिश्चन होते, आता जेमतेम दोन-अडीच लाख, कदाचित त्याहून कमी. दोन हजार वर्षांची जुनी वस्ती, येशूची आरामाईक बोलणारी माणसं, ती वीस वर्षांत रिकामी झाली. सद्दामच्या काळात ते सुखात होते असं नाही, पण नंतर ते "क्रुसेडरांचे दलाल" झाले आणि मोसुलच्या आर्चबिशप राहो यांना २००८ मध्ये पळवून नेलं, त्यांचं प्रेतच सापडलं. लिबियात तर नागरिकांना वाचवायचं म्हणूनच २०११ मध्ये युनोच्या ठरावाने विमानं गेली. गद्दाफी गेला, देश फुटला, कोठारातली शस्त्रं सहाराच्या वाटेने खाली उतरली, मालीत, नायजरमध्ये आणि थेट बोको हरामच्या पट्ट्यापर्यंत. फेब्रुवारी २०१५ मध्ये सिर्तच्या समुद्रकिनाऱ्यावर नारिंगी कपड्यांत २१ जणांना गुडघ्यावर बसवून मारलं, वीस इजिप्तचे कॉप्टिक मजूर, एक घानाचा. कॉप्टिक चर्चने त्यांना हुतात्मे जाहीर केलं, २०२३ मध्ये कॅथलिकांनीही आपल्या यादीत घेतलं. ते पोटासाठी बांधकामावर गेलेले लोक होते. त्यांना मारणाऱ्या संघटनेला पाय ठेवायला जागा कोणी मोकळी करून दिली, ते त्यांच्या चित्रांखाली कोणी लिहीत नाही.

आता मला माहितीये की काही जण म्हणतील, तुम्हाला लांबचं सोपं आहे, बांगलादेशातल्या हिंदूंचं बोला. बोलतो. ऑगस्ट २०२४ मध्ये हसीना पळाल्यावर तिथे हिंदूंच्या घरादारांवर, देवळांवर हल्ले झाले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मैमनसिंगकडे एका हिंदू कामगाराला धर्मनिंदेच्या आरोपावरून जमावाने मारून, झाडाला बांधून जाळलं. सोकोतोच्या त्या पोरीसारखंच, अगदी तसंच. तेव्हा आपल्या टीव्हीवर रात्री नऊला लष्कर पाठवा, नकाशा बदला, असं ओरडणारे किती होते ते आठवा, आणि त्यांच्या क्लिपा दुसऱ्या दिवशी ढाक्यात कोण कशासाठी दाखवत होतं ते पण आठवा. तिथल्या कट्टर मंडळींना तेच पाहिजे होतं, की बघा हे हिंदू म्हणजे भारताची पाचवी फळी. तिथले हिंदू बिचारे सांगून थकले की आम्ही याच मातीतले आहोत. आपण इथे सोफ्यावर बसून जी डरकाळी फोडतो तिचा प्रतिध्वनी त्यांच्या दारात ऐकू येतो. आपल्या हातात काय होतं? अर्ज केलेल्याला नागरिकत्व द्यायचं, व्हिसा द्यायचा, ढाक्याच्या सरकारशी बंद दाराआड कडक बोलायचं. ते करताना टीआरपी मिळत नाही.

टिनुबू सरकारला पण तात्यांनी फुकटात एक ढाल दिली हे लक्षात घ्या. धमकी येईपर्यंत प्रश्न होता "येलवाताचा बाजार पोलिसांना का वाचवता आला नाही", धमकी आल्यावर प्रश्न झाला "नायजेरियाचं सार्वभौमत्व". दुसऱ्या प्रश्नावर सगळे मंत्री छाती काढून बोलू शकतात, पहिल्यावर खाली बघावं लागतं. टिनुबू मुसलमान, त्यांची बायको स्वतः पेंटेकॉस्टल चर्चची पास्टर, हे ते प्रत्येक मुलाखतीत पुढे करू शकतात आणि खोटं पण नाही ते. पण राष्ट्राध्यक्षाच्या घरातला सलोखा येलवाताच्या गुमा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या काय कामाचा, त्याला त्याच्या गावी परत जायचंय, जिथे आता दुसऱ्याची गुरं चरतायत. बेनुएच्या छावण्यांमध्ये लोक वर्षानुवर्षं पडलेत. त्यांचं मागणं काय आहे ते त्यांच्या पाद्र्यांनी शंभर वेळा सांगितलंय: गाव परत द्या, रस्त्यावर चौकी द्या, मारणाऱ्याला पकडून कोर्टात उभं करा. यात मिसाईल कुठे बसतं? आणि त्याच मागण्या कात्सिनातल्या मशिदीत बाप गमावलेल्या पोराच्या पण आहेत, शब्दाशब्दाने त्याच. दोघांच्या मागण्या एक असताना एकाला ख्रिसमस भेट देऊन दुसऱ्यापासून वेगळं काढणं, हे मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाण्यातच जमा होतं.

ओवो चर्चच्या हल्ल्याचा खटला अबुजाच्या कोर्टात उभा राहिला तो ऑगस्ट २०२५ मध्ये, पाच आरोपी, हल्ल्याला तीन वर्षं होऊन गेल्यावर. साक्षीदार टिकतील का, त्यांना संरक्षण कोण देणार, फिर्यादी पक्षाचा वकील तारखेला येणार का सोकोतोसारखं परत तेच, या सगळ्यावर अमेरिकेतल्या त्या सिनेटर मंडळींपैकी कोणी रोज उठून पोस्ट टाकताना मला तरी दिसलं नाही. टाकायला लागले तर मी पहिला फॉरवर्ड करीन, चर्चच्या ग्रुपवर पण आणि त्या दुसऱ्या ग्रुपवर पण.